पोच घेतलेली खोली

अशोक देवस्थळी यांच्या फ्लॅटची मागची खोली हवेत आहे असे कोणी म्हटले तर त्यांना राग येईल, पण मंजूर नकाशाप्रमाणे ती हवेतच आहे. दिल्लीत मुनिरक्याच्या पलीकडे विकास प्राधिकरणाने चाळीसेक वर्षांपूर्वी चार-चार मजल्यांचे फ्लॅट बांधले. त्यांच्या नकाशात त्या जागी कोरा कागद आहे. प्रत्यक्षात तिथे दहा बाय अकराची खोली आहे. तिला खिडकी आहे, पंखा आहे, आणि देवस्थळींचा मुलगा पुष्कर त्या कोऱ्या कागदावर बसून बारावी झाला.

अशी खोली एकट्याने बांधता येत नाही. खालच्याचे छत ती वरच्याची जमीन, म्हणून तळापासून माथ्यापर्यंत चौघांनी एकाच हंगामात बांधायची, असा दिल्लीतला रिवाज आहे. मुलीच्या लग्नाला होत नाही इतके एकमत या कामात होते. देवस्थळींच्या जिन्यावर ते एकवीस वर्षांपूर्वी झाले. तळमजल्यावरच्या चड्ढांनी पुढाकार घेतला. खांबांचा खर्च चौघांत, सिमेंटचा चौघांत, आणि प्राधिकरणाच्या ऑफिसातून जो माणूस पाहणीला येईल त्याच्या चहापाण्याचाही चौघांत. दुसऱ्या मजल्यावरच्या देवस्थळींनी पहिले दोन वाटे दिले आणि तिसरा दिला नाही.

ते ऑडिट खात्यात होते. लाच देणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. बेकायदा खोली मात्र बसली, कारण पुष्करला अभ्यासाला जागा हवी होती. या दोहोंच्या मधून त्यांनी एक मार्ग काढला. केलेली गोष्ट लिहून कळवली की ती गैर राहत नाही, अशी एक श्रद्धा ते पुण्याहून येताना बरोबर घेऊन आले होते. त्यांनी अर्ज लिहिला. ‘मी खाली सही करणार, परवानगीशिवाय एकशेदहा चौरस फूट बांधकाम केले आहे, ते दंड आकारून नियमित करावे.’ सोबत मोजमापांसह आकृती जोडली.

चड्ढांना कळले तेव्हा ते दोन मजले चढून वर आले.

“देव साहब,” ते म्हणाले. दिल्लीत देवस्थळी हे आडनाव कोणी पुरे करत नाही. “आप लिख क्यों रहे हो?”

“क्यों कि यह नियम के बाहर है.”

“तो मत बनाओ.”

“बनाना तो है.”

“तो मत लिखो.”

यावर देवस्थळींना नियम सापडला नाही, म्हणून ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले, अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्क्याची पोच घेऊन आले.

चार महिन्यांनी त्यांच्याच नावाने नोटीस आली: सदर बांधकाम का पाडू नये, सात दिवसांत सांगा. खोल्या चौघांनी बांधल्या होत्या, पण ऑफिसाला एकाचीच माहीत होती, त्यामुळे ऑफिसाचाही इलाज नव्हता. देवस्थळींनी चार पानी उत्तर दिले आणि त्याचीही पोच घेतली. पुढे काहीच आले नाही. निपटाऱ्याचे पत्र येत नाही तोवर आक्षेप जिवंत असतो, हे वाक्य त्यांनी चौतीस वर्षे दुसऱ्यांना ऐकवले होते. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांनी असे धरले की उत्तर वाचून ऑफिसाचे समाधान झाले असावे.

आता देवस्थळींच्या बायकोबद्दल, कुमुदिनीबाईंबद्दल सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यांच्यासाठी चालले होते.

कुमुदिनीबाईंचे दोन्ही गुडघे गेले, आणि हृदयाचे कारण सांगून डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला. जिन्याला छत्तीस पायऱ्या आणि लिफ्ट नाही. दोन वर्षांत त्या तीनदा खाली उतरल्या होत्या, तिन्ही वेळा खुर्चीतून, तिन्ही वेळा दवाखान्यात. एरवी त्या पुढच्या बाल्कनीत बसत आणि दोरीला बांधलेली टोपली सोडून भाजी घेत. वसाहतीतल्या सगळ्यांना त्या वरून ओळखत. कोणाचे टक्कल किती सरकले, कोणी केसांना रंग लावायचे सोडले, ही माहिती त्यांच्याइतकी कोणाकडे नव्हती.

“मला काय वाटतं सांगू?” त्या एकदा म्हणाल्या होत्या. “चपला झिजल्या पाहिजेत माणसाच्या. माझ्या दोन वर्षं नव्या आहेत.”

पुष्कर गुरुग्रामला सतराव्या मजल्यावर राहत होता. तिथे लिफ्ट होत्या, पण दोनच खोल्या होत्या आणि त्यातल्या एकीत त्याचे ऑफिस होते. “आई, तू ये ना, बिल्कुल ये,” असे तो म्हणे, पण कधी यायचे ते सांगत नसे.

अशात चड्ढांनी चंदीगडला लेकीकडे जायचे ठरवले. तळमजला विकायला निघाला. पुढे हातभर हिरवळ, एक पायरी, त्याच मापाच्या खोल्या, मागे तीच जादा खोली. देवस्थळींनी आपला फ्लॅट विकावा आणि तो घ्यावा, इतके सरळ होते. चड्ढा म्हणाले, “भाभीजी के लिए होली तक रुकता हूँ. उसके बाद मेरी भी मजबूरी है.”

वरच्या फ्लॅटला गिऱ्हाइकही लगेच मिळाले. जयदीप आणि मयुरा, दोघे पुण्याचे. तो गुरुग्रामच्या एका कंपनीत, ती जवळच्या विद्यापीठात. तळमजल्यावर माणसे डोकावतात म्हणून मयुराला वरचाच मजला हवा होता. किंमत ठरली. मागच्या खोलीसकट ठरली, कारण ती खोली धरली तरच देवस्थळींना तळमजला परवडत होता. जयदीपला बँकेचे कर्ज घ्यायचे होते. फ्लॅटची किंमत खरोखर तेवढी आहे असे बँकेच्या मूल्यांकन करणाऱ्याने लिहून दिले की काम झाले.

तो माणूस फेब्रुवारीत आला. अंकुर नावाचा तिशीतला इंजिनिअर. गळ्यात ओळखपत्र, हातात लेझरने अंतर मोजायचे यंत्र. त्याने पुढच्या खोल्या मोजल्या, नळ सोडून पाहिले, फोटो काढले, आणि मागच्या खोलीच्या दारात उभा राहून यंत्र खिशात टाकले.

“इसे मैं ‘कवर्ड बाल्कनी’ लिख देता हूँ,” तो म्हणाला. “रेट में एडजस्ट हो जाता है. यहाँ सबका ऐसे ही है.”

देवस्थळी हसले. या क्षणाची त्यांनी सकाळपासून तयारी केली होती. “कवर्ड बाल्कनी क्यों? मेरे पास इसके कागज हैं.” त्यांनी टेबलावरची फाइल उघडली.

अंकुरने फाइलकडे पाहिले आणि मग पंख्याकडे पाहिले. “अंकल जी, रहने दीजिए. ज़रूरत नहीं है.”

“देखिए तो. पावती है, शिक्का है, तारीख है.”

“मैंने कुछ देखा नहीं है, अंकल जी. आप अंदर रख दीजिए.”

“इसमें नोटीस भी है, और उसका मेरा जवाब. चार पेज.”

अंकुर दोन पावले मागे सरला आणि खिडकीबाहेरच्या जांभळाच्या झाडाशी बोलावे तसा म्हणाला, “अंकल जी, नोटिस देख लूँगा तो लिखना पड़ेगा. लिखूँगा तो आपका नुकसान होगा. चाय पिला दीजिए, मैं चलता हूँ.”

चहा पिऊन तो गेला. कुमुदिनीबाई आतून हे सगळे ऐकत होत्या.

“त्याने तीनदा नको म्हटलं हो.”

“तरुण आहे तो. त्याला वाटलं, उगाच मला त्रास.”

“त्रास नाही म्हणाला. नुकसान म्हणाला.”

“कुमुद, विचार कर. चड्ढाच्या खोलीचा एक कागद नाही. आपल्या खोलीचा आहे. आपण लपवलं नाही, याला काही किंमत असेल की नाही?”

“असेल की,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “तीच मोजायला तो आला होता. न मोजता पळाला.”

देवस्थळींना रात्रभर वाटत राहिले की कवर्ड बाल्कनीचे पैसे कमी येतील, आणि कमी आले तर तळमजला हातचा जाईल. दुसऱ्या दिवशी त्यांनी मार्केटात जाऊन फाइल स्कॅन केली आणि बँकेच्या कर्ज विभागाला मेल पाठवला. ‘आपल्या प्रतिनिधीच्या नजरेतून अनवधानाने सुटलेली कागदपत्रे सोबत जोडली आहेत. मूल्यांकनात त्यांचा यथोचित विचार व्हावा.’ प्रत जयदीपला. प्रत पुष्करला. आणि मेल मिळाल्याचे कळवावे, अशी विनंती शेवटी.

बँकेने मिळाल्याचे त्याच दिवशी कळवले. एवढी तत्परता त्यांना कोणत्याच कार्यालयाने कधी दाखवली नव्हती.

मूल्यांकनाचा अहवाल आठवड्याने जयदीपमार्फत आला. मागची खोली: किंमत शून्य. ती पाडून टाकायचा अंदाजे खर्च: वजा. पाडकामाची जोखीम: जास्त. शेरा: मालकाने स्वतः लेखी कबूल केलेले विनापरवाना बांधकाम, त्यावर निकाली न निघालेली नोटीस, कर्जासाठी शिफारस नाही. देवस्थळींनी अहवाल हातात पेन्सिल घेऊन दोनदा वाचला. त्यात एकही चूक नव्हती. हे त्यांना सगळ्यात जास्त लागले.

पुष्करचा फोन आला. “बाबा, कोणी मागितलं होतं तुमच्याकडे? एका माणसाने तरी मागितलं होतं?”

“विचारलं नाही म्हणून सांगायचं नाही, असं असतं का?”

“हो यार बाबा, असंच असतं. सगळ्या दिल्लीत असंच असतं.”

“मग पाडून टाकतो खोली. प्रश्नच मिटला.”

“आणि वरच्यांची कशावर उभी राहणार? तुमच्या तत्त्वावर?”

जयदीप प्रत्यक्ष भेटायला आला. मुलगा सभ्य होता, येताना फळे घेऊन आला. “काका, मला पर्सनली काहीच प्रॉब्लेम नाही. पण बँक एक पत्र मागतेय, की आता कुठलीही नोटीस पेंडिंग नाही. तेवढं आणलंत तर मी आजही तयार आहे.”

देवस्थळी पत्र आणायला गेले. एकवीस वर्षांत ऑफिसात संगणक आले होते. खिडकीमागच्या बाईंनी त्यांचा नंबर घालून पाहिला, मग कपाटे पाहिली, मग एका शिपायाला तळघरात पाठवले. दोन तासांनी त्या म्हणाल्या, “सर, आपके नाम की कोई फाइल नहीं है. न अर्ज़ी, न नोटिस. कुछ नहीं.”

“तो वैसा लिखकर दीजिए.”

“जो फाइल है ही नहीं, उस पर कैसे लिखें?” बाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी मार्गही सुचवला. “आपके पास कॉपी है ना? दे दीजिए. उसी से नई फाइल बना लेंगे. फिर साइट पर इंस्पेक्शन होगा, फिर जो निकले.”

फाइल देवस्थळींच्या काखेत होती. म्हणजे जगात या गुन्ह्याचा पुरावा दोनच ठिकाणी होता, एक त्यांच्या काखेत आणि एक त्यांनी पाठवलेल्या मेलमध्ये, आणि दोन्ही त्यांनीच तयार केलेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका सरकारी खिडकीवर मागितलेला कागद दिला नाही. “घर पे रह गया,” असे म्हणून ते मेट्रोत बसले.

होळी झाली. चड्ढा आणखी पाच दिवस थांबले, तेवढा त्यांचा मोठेपणा. सहाव्या दिवशी जयदीपने तळमजला घेतला.

त्यात लबाडी काही नव्हती. त्याला घर हवे होते, चड्ढांना विकायचे होते, आणि लोक डोकावतील त्याला पडदे लावता येतात हे मयुराने मान्य केले. बँक तीच होती. मोजायला अंकुरच आला. जिन्याखाली देवस्थळी भेटले तेव्हा तो दोन्ही हात जोडून म्हणाला, “अंकल जी, मैंने तो देखा ही नहीं था.” तळमजल्याच्या अहवालात मागची खोली कवर्ड बाल्कनी झाली, पाडकामाची जोखीम कमी झाली, आणि परिसरात असे बांधकाम सर्वसाधारण असल्याचा शेरा आला. ज्या चार खांबांवर दुसऱ्या मजल्याची किंमत वजा झाली होती, त्याच चार खांबांवर खाली ती पुरी भरली.

कुमुदिनीबाईंना ही बातमी देवस्थळींनी सांगितली नाही. त्यांना ती वरून दिसली. चड्ढांचे टक्कल टेम्पोमागून गेले आणि दुसऱ्या टेम्पोमागून जयदीपचे काळे केस आले. त्यांनी टोपली वर ओढून घेतली आणि दोन दिवस भाजी मागवली नाही.

“बोल तरी काही,” देवस्थळी म्हणाले.

“काय बोलू? लेखी देऊ का?”

एप्रिलच्या पहिल्या रविवारी खाली वास्तुशांत होती. मयुरा वर येऊन आमंत्रण देऊन गेली आणि जाताना म्हणाली, “काकू, तुम्हाला जमणार नाही, मी प्रसाद वर पाठवते.”

“मी येणार आहे,” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

गेटवरचा गार्ड आणि कोपऱ्यावर इस्त्री करणारा प्रेसवाला अशा दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली नेले. हिरवळीवर खुर्ची टेकली तेव्हा त्यांनी चपला काढल्या आणि पाय गवतात ठेवले. आत गुरुजींनी दिशा पाहिली. ईशान्य मागच्या खोलीत येत होती, म्हणून पूजा तिथेच मांडली. नकाशात ती खोली नाही हा मुद्दा वास्तुपुरुषाने काढला नाही.

पूजेला कुमुदिनीबाईंची खुर्ची त्या खोलीत नेली. वरच्याच मापाची खोली, तशीच खिडकी, तोच जांभूळ. वरून दोन वर्षे त्याचा शेंडा दिसत होता, इथे हाताशी बुंधा होता. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून सालीला लावला. देवस्थळी शेजारी उभे होते. त्यांनी दुसरीकडे पाहिले.

जेवणे झाल्यावर जयदीप त्यांच्यापाशी येऊन बसला. मयुराही आली.

“काका, एक विचारायचं होतं,” जयदीप म्हणाला. “ही मागची खोली. रजिस्ट्री वगैरे झालीच आहे, पण मयुराच्या मनात आहे की सगळं नीट असावं. असा अर्ज करून दंड भरून नियमित करता येते ना? तुम्ही त्यातले जाणकार. एक ड्राफ्ट करून द्याल?”

“आम्हाला काहीही लपवून ठेवायचं नाहीये,” मयुरा म्हणाली. ती खरेच बोलत होती. तिच्या चेहऱ्यावर देवस्थळींना एकवीस वर्षांपूर्वीचा एक माणूस दिसला, आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही.

एकवीस वर्षे कोणीतरी हा प्रश्न विचारावा याची त्यांनी वाट पाहिली होती. अर्जाचा पहिला परिच्छेद त्यांना पाठ होता. समोर कुमुदिनीबाई खुर्चीत बसून त्यांच्याकडे पाहत होत्या.

“कसला अर्ज?” देवस्थळी म्हणाले. “ही बाल्कनी आहे. झाकलेली. पहिल्यापासून.”

जयदीप गोंधळला. “पण तुमच्या फाइलमध्ये तर...”

“ती फाइल मी जाळली. तू तुझ्याकडचा मेल काढून टाक. आणि वर अशी खोली आहे का, असं कोणी विचारलं तर तू कधी वर आलाच नाहीस.”

मयुराने नवऱ्याकडे पाहिले. म्हाताऱ्या माणसांचे असे व्हायचेच, अशा समजुतीने तिने विषय बदलून श्रीखंड आणखी हवे का विचारले. देवस्थळींनी घेतले.

गार्ड दारात येऊन उभा राहिला. “आंटी जी, दो बजे से ड्यूटी है. ऊपर चलें?”

“पाच मिनिटं,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. गार्डला मराठी कळले नाही, म्हणून त्यांनी पाच बोटे दाखवली. पाच मिनिटे त्या हिरवळीवर बसल्या. मग त्यांनी स्वतःच मान हलवली.

पहिल्या मजल्याच्या वळणावर दोघांनी खुर्ची खाली ठेवून दम घेतला. देवस्थळी मागून येत होते, हातात बायकोच्या चपला.

“इतकं सोपं होतं का हो?” कुमुदिनीबाईंनी विचारले.

“काय?”

“खोटं बोलणं.”

देवस्थळींनी चपला दुसऱ्या हातात घेतल्या. अजून अठरा पायऱ्या होत्या आणि गार्डला उशीर होत होता. तो वाकला, प्रेसवाल्याने दुसरी बाजू धरली, आणि खुर्ची वर निघाली.